कागदाची पाठ

विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी बजावतो, पाठ बघितल्याशिवाय कागद खाली ठेवायचा नाही. कंपनी सरकारच्या काळात मुंबईच्या कचेरीत पत्र आलं, की वाचून त्याची घडी घालत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हुकूम लिहीत. खरा निर्णय तिथे सापडतो.

आणि एकदा मीच ती बघितली नाही. हे कबूल करायला मला सहा वर्षं लागली.

सिंगापुरात पुण्याची एक मुलगी माझ्या हाताखाली बहारीनवर पीएचडी करत होती. बेट कोणाचं, इराणच्या शहाचं की तिथल्या शेखांचं, हा जुना वाद. १८२२ साली आखातातल्या इंग्रज रेसिडेंटने, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीने, शिराजला जाऊन, वरिष्ठांना न विचारता, ते शहाचं असल्याचं मान्य करून टाकलं. मुंबई सरकारने त्याचा करार झिडकारला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिचं म्हणणं होतं, की आधी काही आठवडे मुंबई स्वतःच डळमळत होती. आधार रेसिडेंटने कराराची खबर कळवलेल्या पत्राचा, ज्यावर मुंबईने काहीच केलेलं दिसत नव्हतं. त्याचे फोटो मीच मुंबईच्या दप्तरखान्यातून आणले होते. विमान गाठायच्या घाईत, फक्त पुढच्या बाजूचे.

तिने ईमेल करून विचारलंही होतं, "सर, मागची बाजू कोरी आहे ना?"

"कोरी आहे," मी बिनदिक्कत लिहिलं.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी टेबलावर त्या मागच्या बाजूचा फोटो ठेवला. पत्र पोचलं त्याच दिवशीचा हुकूम: रेसिडेंटला हा अधिकारच नव्हता, करार नामंजूर. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी म्हणालो, "तिने मूळ कागद बघायला हवा होता. मी नेहमी सांगतो."

हे मी बोललो? माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉप मिटला. "सॉरी. चूक माझीच."

प्रबंध परत आला. दुरुस्तीला वर्ष लागलं असतं आणि इथे राहायचा तिचा स्टुडंट पास त्याआधीच संपत होता. तिने सोडून दिलं. आता इथेच एका जहाज कंपनीत नोकरी करते, पासिर रिसला राहते.

गेल्या रविवारी ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपुढच्या रांगेत, मागून आवाज आला, "सर, इथे नका घेऊ, पलीकडे साटे जास्त चांगलं मिळतं." तीच. हसत होती. एका टेबलावर बसलो, आणि माझ्याच्याने राहवेना.

"चूक तुझी नव्हती. माझी होती. ती ईमेल..."

"आहे की माझ्याकडे."

"मग तेव्हा दाखवली का नाहीस गं?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." मग साटेच्या काडीवरचं भाजलेलं चिकन सॉसमध्ये बुडवत अस्सल सिंगापुरी सुरात म्हणाली, "एवढं थांबवायचं असतं का सर? टू लाँग, लाह."

सोमवारी ती ईमेल मी विभागप्रमुखांना पाठवली. तिचा प्रबंध पुन्हा घेता येईल का, हे अजून ठरलेलं नाही. ईमेल शोधायला मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. ती माझ्याकडेही होतीच.