कॅम्प तीनला जायचंय

"काकू, यांना डिलिरियम झालाय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. डिलिरियम म्हणजे अचानक आलेला भ्रम. यांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे एक क्षार, एकदम उतरलं होतं. ते वर आलं की माणूस बहुधा ताळ्यावर येतो, पण या वयात सगळा परत येईलच असं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

सुरुवात उलट्यांनी झाली. मग एक दिवस चपला फ्रिजमध्ये सापडल्या. मी म्हटलं, म्हातारचळ. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीतल्याच हॉस्पिटलात आणलं.

मेंदूचा एमआरआय, म्हणजे आतला बारीक फोटो, बाहेर काढायचा होता. अ‍ॅम्ब्युलन्सवाला आला आणि म्हणाला, "चला आजोबा, कॅम्प तीनला जायचंय." आपल्याकडे उल्हासनगरला उल्हासनगर म्हणतंय कोण? तिथल्या भागांना सगळे कॅम्प एक, कॅम्प दोन असंच म्हणतात. यांनी पलंगाची दांडी धरली ती सोडेचनात.

लग्नाआधी हे फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत पकडले गेले आणि पलीकडे, गव्हाच्या शेतांमधल्या एका कॅम्पात तारांच्या आत कित्येक महिने होते. एवढंही मला सासूबाईंनी सांगितलेलं. हे स्वतः कधी अवाक्षर बोलले नाहीत. उल्हासनगर मात्र उभा जन्म पूर्ण म्हणायचे, कॅम्प कधीच नाही. मी चिडवायचे, "काय हो, बातम्या देताय का?" कारण उमगायला हा दिवस यावा लागला.

एमआरआय झोपेचं इंजेक्शन देऊन केला. त्यात काही निघालं नाही. पण जागे झाल्यावर हे मला ओळखेनात. जेवता का, विचारलं की ताठ बसून नाव, नंबर, हुद्दा सांगायचे. कैद्याने शत्रूला तेवढंच सांगायचं असतं. एवढा संसार केला आणि मी शत्रूपक्षात.

मुलगा बंगळुरूहून फोन करायचा, धीर धर म्हणायचा. फोन ठेवला की स्टुलावर मी आणि समोर थेंब थेंब सलाइन. फार एकटं वाटायचं, लपवत नाही.

अहो, हे हॉस्पिटल आहे, मी तुमची बायको आहे, असं मी सारखं समजावायचे. मॅडमनी थांबवलं. "वाद घालू नका काकू. ते जिथे आहेत तिथे जवळ बसा."

जेवणाला तर ते हातच लावत नव्हते. मग मी वरणभात कालवून त्यांच्यासमोर आधी स्वतः घास खाऊ लागले. त्यात काही घातलेलं नाही, हे दिसावं म्हणून. हळूहळू तेही त्याच ताटातलं खाऊ लागले.

सोडियम सुधारलं. डिस्चार्जच्या सकाळी मॅडमनी विचारलं, घरी सोडू ना आता? हे पलंगावरून उतरून सावधानमध्ये उभे राहिले.

"या बाई माझ्याबरोबर आहेत," माझ्याकडे हात करून म्हणाले. "आधी यांना सोडा."

मी तोंडाला पदर लावला.

आता घरी आहोत. तब्येत बरी आहे. कधी मी बायको असते, कधी या बाई. पण ज्या जागेबद्दल ते जन्मभर माझ्याशी बोलले नाहीत, तिथे आता एकटे नाहीत. तुमचं माणूस असं कुठे गेलं, तर त्याला ओढून आणू नका. ताट घ्या आणि आत जाऊन बसा.