घामाचा नंबर

चुर्र! हा आवाज लहानपणीचा. बाप लोहार होता. त्याच्या कपाळावरचा थेंब तापल्या लोखंडावर पडला की चुर्र व्हायचं. घाम म्हणजे मला तेवढाच ठाऊक. पुढे म्हातारपणी डहाणूच्या एका लहानशा कातडीच्या दवाखान्यात शिपाई झालो, तेव्हा कळलं, घामाला नंबरसुद्धा असतो!

घरी आता ऐकायला कोणी नाही. ऐकायला कोणी नसलं की किस्से साठत जातात. म्हणून आज तुम्हाला सांगतो.

नंबर द्यायचं काम हेतलचं. गुजराती पोरगी, कॉम्प्युटरवर बसते. डॉक्टर मॅडम आजार लिहितात, ही त्याचा कोड शोधते. तळव्यांच्या घामाचा वेगळा, काखेतल्याचा वेगळा, घामोळ्यांचा आणखी वेगळा. घाम अंगावर कुठे येतो ते लिहिलं नसेल, तर तिचं काम अडतं. मग मला म्हणते, "काका, बाहेरच विचारून घ्या ना."

चिंचणीचा एक नाखवा आला होता. दर्यावर अख्खं आयुष्य गेलेला माणूस. त्याला विचारलं, "घाम कुठे येतो?"

तो म्हणाला, "होडीवर नाय येत. बँकेत येतो!"

मी तसंच आत सांगितलं. हेतल बराच वेळ कॉम्प्युटरकडे बघत राहिली. "काका, बँकेचा कोड नाही मिळत!"

*

आमच्याकडची माणसं दवाखान्यात येताना लग्नाला निघाल्यासारखी येतात. आंघोळ, धुतलेले कपडे, मानेला पावडर. मॅडम तळवा बघतात, तर तो कोरडा ठणठणीत! "मी बघितलंच नाही तर लिहू काय?" म्हणतात.

शेवटी ते काम माझ्याकडे आलं. तळव्याचा पेशंट आला की त्याला दवाखान्यापुढच्या चिंचेच्या झाडाभोवती चालवायचं आणि हात ओले झाले की आत सोडायचं.

सरावलीचा एक जण चालता चालता थांबला. "बाबा, कामावर खाडा टाकून आलो, तर इथे पण घाम गाळायलाच लावता?"

*

घामाची एक तपासणी असते. आधी तपकिरी औषध फासतात, ते सुकलं की वर स्टार्चची पांढरी पूड. घाम आला की तेवढी जागा काळीनिळी होते.

एका आजीच्या तळव्याला मॅडमनी ते लावलं. बघता बघता तळवा काळा झाला. आजीने आधी हाताकडे बघितलं, मग मॅडमकडे.

"आमचा भगत कोंबडा घेतो आणि भूत दाखवत नाय," ती म्हणाली. "तुम्ही फुकटात दाखवलं!"

*

एक बाई मात्र हसवून गेली नाही. तलासरीकडच्या डोंगरातली. बाकावर बसून आपला नंबर दुसऱ्याला देत राहिली. सगळे गेल्यावर उठली. काखेत गाठी होत्या. त्या फुटायच्या, भरायच्या, पुन्हा यायच्या. हात वर होत नव्हता. मॅडम म्हणाल्या, हा घामाच्या जागेचाच आजार, ह्याच्यात तुझी काही चूक नाही.

हेतलने विचारलं, "मावशी, कधीपासून आहे?"

"धाकटी झाली तेव्हापासून."

"धाकटी केवढी आहे?"

बाईने दाराकडे बोट दाखवलं. बाहेर एक तरुण बाई आपल्या मुलाला पाजत बसली होती.

*

दुपारी पेशंट नसले की हेतल गप्पा मारते. एकदा मला म्हणाली, "काका, तुम्हाला कधी घाम आलेला बघितला नाही. तुमचा पण कोड काढू?"

म्हटलं, "बायको होती तोवर यायचा. उशीर झाला की ती वाट बघायची, मग मी घाईने चालायचो."

हेतलने डब्यातला ढोकळा तेवढा माझ्यापुढे सरकवला.

*

आता लहानूचं सांगतो.

लहानू कासा गावाकडचा. गवताच्या वखारीत गठ्ठे उचलायचा. त्याला घामच येत नव्हता. चैत्राच्या उन्हात सगळ्यांचे सदरे भिजलेले आणि ह्याचा कोरडा. मुकादम सदरा बघून काम ओळखणारा. "कामचोर आहेस!" म्हणायचा. मग लहानू काय करायचा, सदरा नळाखाली भिजवूनच कामावर जायचा. पण सुक्या गवतात पाणी चालत नाही. एक गठ्ठा भिजला तर सगळी थप्पी सडते. सदरा गवतावर ठिबकताना मुकादमाने बघितला आणि लहानूला काढून टाकलं.

तोच सदरा घालून तो आमच्याकडे आला. पाठीला औषध आणि पूड लावून मी त्याला चालवलं. थोड्याच वेळात तो डगमगला. मॅडम धावत आल्या, त्याला सावलीत घेतलं, पंखा लावला. पाठीवर काळा ठिपकासुद्धा उठला नव्हता.

मॅडम म्हणाल्या, "घाम नाही म्हणून अंग तापतं. उन्हात काम केलंच तर सदरा ओला ठेवायचा."

लहानू म्हणाला, "मॅडम, त्यापायीच तर काढला मला."

मॅडमनी सगळं लिहिलं, हेतलने नंबर घातला. लहानू कागदाकडे बघत म्हणाला, "ताई, ह्याच्यात एवढं टाका ना, माणूस कामचोर नाय."

हेतल म्हणाली, "भाऊ, त्याचा कोड नाही."

दोन दिवसांनी भर दुपारी तो मुकादमालाच घेऊन आला. मुकादम घामाने निथळत होता, हातात कागद.

"हे काय लिहिलंय? ताप नाय, जखम नाय. नुसता नंबर! शेठला काय सांगू?"

हेतलने समजावलं, मॅडमनी समजावलं. मुकादम ऐकून घेत होता, पण मान हलत नव्हती. लहानू खाली बघत उभा. मी मुकादमाला प्यायला तांब्याभर पाणी आणून दिलं.

"चल," म्हणत मुकादमाने लहानूला ढकलायला त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग पुन्हा ठेवला. ह्या वेळी तसाच राहू दिला.

जरा वेळाने त्याने तो तांब्या लहानूच्या पाठीवर रिकामा केला. सगळा. हळूहळू, मानेपासून खाली.

रिकामा तांब्या माझ्या हातात दिला, आणि रस्त्याकडे चालू लागला.