हर्मावाराच्या खाणीतला ब्रेक

आइली सोर्मुनेनला भीती वाटायची ती फक्त उंचीची, असं हर्मावारातले लोक म्हणत. खाणीच्या गावातली ही बाई कधी खाणीत उतरली नव्हती. फाटकाजवळच्या तंत्रशाळेत ती खाणीच्या कामगारांना संगणक शिकवायची. छापलेला प्रोग्राम त्या दांडग्या माणसांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा तिने एक युक्ती काढली. प्रोग्राम पडद्यावर चित्रासारखा चालवायचा. प्रत्येक आकड्याला किंवा हुकमाला एक चौकट, आणि तो बदलला की एक पिवळा ठिपका हळूहळू सरकत त्या चौकटीत जाऊन बसणार.

शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीत तिने वर्गासाठी त्यांच्याच रोजच्या वापरातला प्रोग्राम घेतला. माणसांना खाली नेणारा लोखंडी पिंजरा चालवणारा. दुपारी एकला, वर्ग भरण्याआधी, ती एकटीच तो चालवून बघत होती.

पडद्यावरचा पिंजरा तीनशे मीटर खोलीवर थांबला. ब्रेकच्या चौकटीत ‘लाव’ आलं. त्याच क्षणी खाणीतल्या दुसऱ्या एखाद्या मजल्यावरून कुणी पिंजरा बोलावायची घंटा दाबली तर काय होतं, म्हणून तिने तेही करून पाहिलं. प्रोग्रामच्या घंटेकडे बघणाऱ्या भागाने ब्रेकची चौकट ‘लाव’ येण्याआधीच वाचून ठेवली होती. त्याचा ठिपका सरकत आला आणि त्याने जुनाच शब्द परत ठेवला: ‘सोड’.

पिंजरा थांबलेला, दार उघडं, माणसं उतरतायत, आणि ब्रेक सुटलेला. तिने पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. दोन वाजता पाळी बदलायची, तेव्हा सगळ्या मजल्यांवर एकदम घंटा वाजायच्या. आणि तीनशेवर तिचा भाऊ तायस्तो होता.

तिने पिंजऱ्याचा मुकादम पेसोनेन याला फोन लावला.

“पोरी, सहा आठवडे झाले हा प्रोग्राम चालतोय. काही झालं का?”

“अजून झालं नाही, एवढंच.”

“आणि पिंजरा पडलाच तरी त्याला पंजे आहेत ना. वेग वाढला की पकडतात.”

“किती खाली गेल्यावर?”

“चारपाच मीटर.”

“उतरणाऱ्याचा एक पाय आत असेल आणि एक बाहेर, पेसोनेन.”

तो आला. टोपीवरचा बर्फही न झटकता पडद्यासमोर उभा राहिला. तिसऱ्यांदा ‘सोड’ आलं तेव्हा त्याने फोन उचलला आणि पिंजरा बंद करायला सांगितलं. दोनला बारा मिनिटं कमी होती.

खालच्या चौसष्ट माणसांना शिड्यांनी वर यावं लागलं. तायस्तो वर आला तो तिच्यावर खेकसतच. “पाय बघ, थरथरतायत! कार्टून बघून खाण बंद करतेस होय गं?”

मग खात्रीसाठी पिंजऱ्यात माणसांऐवजी दगड भरले आणि तीनशेवर थांबवून घंटा दाबायला सुरुवात केली. काही झालं नाही. दहादा, पंधरादा, काहीच नाही. खाणीच्या इंजिनिअरने घड्याळ पाहिलं. “बाई, तुमचं चित्र हळू चालतं. यंत्र हळू चालत नाही. चूक तुमच्या चित्रातच असेल.”

हे तिलाही वाटून गेलं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, पड, एकदा तरी पड. आपण काय मागतोय हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच धडकी भरली.

तेविसाव्या वेळी दोर सळसळला. जमिनीखालून धाडकन आवाज आला आणि दोर गुंडाळणाऱ्या चाकाजवळची फरशी हादरली. पंज्यांनी पिंजरा पकडला होता, पण उतरायच्या फलाटाच्या साडेचार मीटर खाली. तायस्तोने टोपी काढून हातात घेतली. आइली खालीच बसली.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. इंजिनिअरने ती करून तिच्यापुढे त्या ओळींचा कागद ठेवला. “आता ठीक आहे ना?”

“ही चूक गेली,” ती म्हणाली.

“म्हणजे आणखी आहेत?”

“मला दिसलेल्या नाहीत.”

“मग घाबरायचं कशाला?”

अकरा दिवस ती उरलेला प्रोग्राम ठिपक्याठिपक्याने चालवत बसली, डोळे सुजेपर्यंत. काही सापडलं नाही. खाण मात्र चौथ्याच दिवशी सुरू झाली होती. त्या सकाळी तायस्तो डबा घेऊन निघाला, तेव्हा तिने दारात त्याची बाही धरली.

“शिडीने जा.”

“तीनशे मीटर? रोज?” तो हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. “आइली, तू बघितलंयस ना सगळं?”

“आत्तापर्यंत जेवढं दिसलं तेवढं.”

“मला तेवढं पुरे,” म्हणत त्याने बाही सोडवून घेतली.

तो आणखी नऊ वर्षं खाणीत उतरला आणि धडधाकट निवृत्त झाला. त्या नऊ वर्षांत दुपारी दोनच्या सुमारास वर्गात कुणी काही विचारलं, तर आइलीबाई उत्तर देत नसत. खिडकीशी उभ्या राहून त्या फाटकातून बाहेर पडणारी डोकी मोजत.