शेजारी ठेवलेलं पस्तान

लातूरच्या एका कॉलेजात मी तेवीस वर्षं अर्ज तपासतो. मार्कमेमो, टीसी, जातीचा दाखला, सगळं टेबलावर ओळीनं मांडायचं, एकेक कागद अर्जाशी ताडून बघायचा आणि मग ‘तपासले’ असा शिक्का मारायचा. माझ्या टेबलावरून गेलेला अर्ज वरून परत आला, असं आजवर झालेलं नाही. पोरं झेरॉक्स पुढं करतात, तेव्हा मी हात मागं घेतो आणि म्हणतो, “ओरिजिनल दाखव.” माझ्यामागं ती मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यामुळे आईच्या अमेरिकेच्या प्रवासाचं सगळं बघायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा घरात कुणालाच काळजी वाटली नाही.

ताई तिकडे सोळा वर्षं होती. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाली, नोकरी, लग्न, मग परदेश. त्या साली तिचा कॅन्सर यकृतापर्यंत गेला आणि तिथल्या डॉक्टरांनी औषधं थांबवली. दाजींचा फोन आला. ते फार बोलणारे नाहीत. “आईंना पाठवा,” म्हणाले, “होईल तितक्या लवकर पाठवा.” व्हिसा एकट्या आईकडे होता. ताईच्या बाळंतपणाला ती वडिलांसोबत गेली होती तेव्हाचा, दहा वर्षांचा, अजून शिल्लक असलेला. वडील नंतर गेले. माझ्याकडे तर साधा पासपोर्टसुद्धा नव्हता. म्हणजे आमच्या घरातून ताईला जिवंत भेटू शकणारं एकच माणूस होतं, आणि ते अडुसष्ट वर्षांचं होतं.

मी रजा टाकून नांदेडला आईकडे आलो आणि तपासायला बसलो. तिकिटावरचं नाव, जन्मतारीख, हैदराबादहून सुटायची वेळ, मधे आखातात विमान बदलायला किती तास मिळतात, जेवण शाकाहारी सांगितलंय का, विमा निघालाय का. व्हीलचेअरही मागितली होती. आईचे गुडघे तसे धड आहेत, पण खुर्ची मागितली की ती ढकलणारा माणूस थेट पुढच्या विमानाच्या दारापर्यंत पोचवतो, इंग्रजीत कुणाला काही विचारावं लागत नाही. आमच्याकडचे सगळेच आपल्या आईबापांना असेच पाठवतात. ती खुर्ची खरंच नोंदली आहे ना, हे विचारायला मी कंपनीला चारदा फोन केला. चौथ्या वेळी तिथल्या बाईंनी मला आवाजावरून ओळखलं.

पासपोर्टही तपासला. पहिल्याच दिवशी हातात घेऊन त्याचे फोटो काढले आणि आईला परत दिला. त्यानंतर मी दहा वेळा ताडून बघितलं ते फोटोशी.

आता पस्तानाचं सांगायला हवं. निघायचा दिवस बुधवार होता आणि कॅलेंडरात त्या दिवशी अमावास्या निघाली. आई म्हणाली, “अवसेला घर सोडायचं न्हाई.” मी म्हणालो, तिकीट बदलायला गेलो तर पुढचा आठवडा उजाडेल. त्यावर तिनं वाद घातला नाही. “मंग पस्तान ठेवते,” म्हणाली. आमच्याकडची जुनी चाल आहे ही. निघायचा दिवस बरा नसेल, तर आधीच्या बऱ्या दिवशी हळद-कुंकू, तांदूळ, सुपारी आणि जाणाऱ्याची एखादी वस्तू फडक्यात बांधायची आणि जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. निघताना ते बोचकं उचलायचं आणि पुढं व्हायचं. हैदराबाद दक्षिणेला, आणि आमच्या दक्षिणेचं घर खालांचं, म्हणजे मावशीच्या नात्यानं आम्ही जिला खाला म्हणतो त्या मुसलमान शेजारणीचं. त्यांच्या मालकांचं शिलाईचं दुकान आहे, आणि आमचा शेजार माझ्या जन्माआधीपासूनचा. आई-वडील पहिल्यांदा अमेरिकेला गेले तेव्हाचं पस्तानही त्यांच्याच घरी ठेवलं होतं.

सोमवारी दुपारी मी दिवाणावर बसून मोबाईलवर आईची जागा धरत होतो. तिला कडेची सीट हवी होती, उठायला-बसायला बरी. कडेच्या सीटा एकेक करून जात होत्या आणि माझं डोकं तापलं होतं. आई दारात पिवळं फडकं घेऊन उभी राहिली.

“ह्यात ह्ये ठेवू का रे?” तिनं विचारलं.

“हाव, ठेव,” मी म्हणालो.

“नंतर लागंल का मंग?”

“सगळं मोबाईलमध्ये आलंय आई. कागदाला आता कुणी विचारत नाही.”

मी मान वर केली नाही. एकवीस नंबरच्या रांगेतली कडेची सीट तेवढ्यात मिळाली आणि मला मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं.

बुधवारी अकरा वाजता आम्ही निघालो, तर खालांच्या दाराला कुलूप. समोरच्यांनी सांगितलं की देगलूरला त्यांचा भाऊ पहाटे वारला, सगळे तिकडे गेलेत. आई त्या कुलपासमोर उभीच राहिली.

“पस्तान राहिलं,” ती म्हणाली.

“राहू दे. रस्त्यात कुठं काय अडेल सांगता येत नाही. ताई तिकडं वाट बघतेय आणि तू सुपारीसाठी थांबणार का?”

“तसं न्हाई रे, त्यात माझं...”

“आई, बस आता गाडीत,” मी म्हणालो. माझा हा आवाज कॉलेजात चालतो. आईवरही चालला. ती बसली.

देगलूर मागं पडलं, तेलंगणाची हद्द ओलांडली आणि एका टपरीवर चहाला थांबलो. सवयीनं मी फाईल काढली. तिकीट, विमा, दाजींचं पत्र, पासपोर्टची झेरॉक्स. पासपोर्ट नव्हता. पिशवी उपसली, पर्स उपसली, गाडीतली सीटसुद्धा उचलून बघितली.

“आई, पासपोर्ट कुठंय?”

“पस्तानात हाय,” आई म्हणाली. “वस्तू ठेवायची तर परवासातलीच ठेवावी म्हटलं. तुला इचारलं की मी.”

मी त्या टपरीवर, चार अनोळखी माणसांसमोर, माझ्या आईवर ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवतं आणि त्यातलं काहीही लिहिण्याची मला लाज वाटते. चहाचा ग्लास तिच्या हातात तसाच होता, त्यावर साय धरली.

गाडी वळवून देगलूरला आलो. घर शोधलं. अंगणात माणसं बसलेली, मय्यत अजून उठायची होती. अशा घरी किल्ली मागायला गेलेला माणूस मी पहिलाच असेन. खाला बाहेर आल्या, आईला बघितलं आणि आधी तिला मिठी मारून रडल्या. मग मी सांगितलं. त्यांनी ओढणीच्या टोकाची गाठ सोडून किल्ल्या काढल्या.

“अमानत समझ को कपाटात ठेवलं रे बेटा,” त्या म्हणाल्या, “कुणाचा हात लागू नये म्हणून. ही ल्हान चावी आतल्या कप्प्याची. मीच फोन करायला पायजे होता तुम्हाला. पर सकाळपासून भानच न्हाई.”

त्यांचा भाऊ आत होता आणि त्या माझी माफी मागत होत्या.

नांदेडला पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. खालांच्या लोखंडी कपाटात, आतल्या कप्प्यात, त्यांच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी ते पिवळं बोचकं होतं. सोडून बघितलं. तांदूळ, सुपारी, आणि हळदीनं कडा पिवळ्या झालेला पासपोर्ट. मी कितीही वेगानं गाडी चालवली तरी काय होणार हे मला कळत होतं. आईलाही कळत असावं. हैदराबादच्या विमानतळावर पोचलो तोवर तिचं विमान गेलेलं होतं. खुर्ची मात्र चोख नोंदलेली होती, काउंटरवरच्या मुलीनं मला ती यादीत दाखवली.

पुढची जागा शुक्रवारी संध्याकाळची मिळाली. आम्ही एका लॉजवर राहिलो. आई दोन दिवस पासपोर्ट हातात धरून होती, जेवतानाही मांडीवर. दाजींना फोन करून मी ‘कागदपत्रांचा थोडा घोळ झाला’ एवढंच सांगितलं. पलीकडून ताईचा आवाज आला, अगदी बारीक. “आई निघाली का?” मी म्हणालो, “निघाली.” त्या वेळी आई माझ्या शेजारी पलंगावर बसलेली होती.

शनिवारी सकाळी, आपल्याकडच्या सकाळी, ताई गेली. आई तेव्हा समुद्रावर कुठंतरी होती. ठरल्याप्रमाणे गेली असती, तर तिला ताईजवळ एक दिवसाहून जास्त मिळाला असता. ताई गुरुवारी दिवसभर दाराकडं बघत होती, असं दाजी पुढं एकदा बोलून गेले. त्यांना मला दुखवायचं नव्हतं, त्यांना काहीच माहीत नव्हतं.

आई महिन्यानं परत आली. भेटायला येणारा प्रत्येकजण विचारायचा, उशीर कसा झाला? आई दरवेळी तेच सांगायची. “माझ्याच हातनं झालं. पासपोर्ट मीच बांधला पस्तानात.” मला विचारलं होतं, हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. खालांच्या कुलपासमोर ती काय बोलू पाहत होती, तेही नाही. लोह्याहून माझी मावशी आली होती, ती फटकन म्हणाली, “असल्या जुन्या चाली कशाला धरून बसावं माणसानं? लेकीचं तोंड बघायचं राहिलं.” आई खाली बघत “हाव” म्हणाली. मी समोरच बसलो होतो, हातात कपबशी होती. तोंड उघडायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नाही. मी चहा संपवला आणि कप आत ठेवून आलो.

चाल वाईट नव्हती. पस्तानानं आईला अडवलं नाही, मी अडवलं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय.

आता ती माझ्याकडे लातूरला असते. खाला अधूनमधून फोन करतात, दोघी खूप वेळ बोलतात. मी कॉलेजात जातो, शिक्के मारतो. पोरांनी झेरॉक्स पुढं केली की आता “ओरिजिनल” म्हणत नाही, नुसता हात पुढं करतो.

आईनं मला त्या दिवसाबद्दल एका शब्दानं विचारलेलं नाही. फक्त एक झालंय. तिला काही विचारायचं असलं, की ती आधी माझ्याजवळ येते, माझ्या हातातला मोबाईल काढून घेते, उलटा करून बाजूला ठेवते आणि मी वर बघेपर्यंत थांबते. मगच विचारते. परवा तिला भाजीत दाण्याचं कूट घालू का, एवढंच विचारायचं होतं. मी तिच्याकडं नीट बघितलं आणि घाल म्हणालो. तरी ती जरा वेळ तशीच उभी राहिली, मी खरंच ऐकलंय ना, हे बघत.