चौथ्या बाटलीचा पंचनामा

दारूबंदी आली तेव्हा जळगावात सर्वांत जास्त आनंद आम्हा शिक्षकांना झाला, कारण आम्हाला दारू परवडतच नव्हती. जे मिळत नव्हतं ते सोडल्याचं पुण्य फुकटात पदरात पडलं. मी दर शनिवारी शाळेत व्यसनमुक्तीची शपथ सांगत असे, आणि अशा खणखणीत आवाजात, की शेजारच्या डाळमिलचे हमाल पोती खाली ठेवून ऐकत.

एका रविवारी दुपारी जमादार दारात उभा. पंच म्हणून चला म्हणाला. पंचाला पांढरे कपडे लागतात. अक्कल लागते असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. मी टोपी चढवली आणि निघालो.

झडती आबांच्या खोलीची होती, हे तिथं गेल्यावर कळलं. आबा आमच्या शाळेच्या बोर्डिंगात स्वयंपाकी. मूळचे दोंडाईचाकडचे, आणि आधी एका गिरणीच्या स्कॉटिश साहेबाचे खानसामा. स्वातंत्र्य आलं, साहेब गेला, आबा आमच्या वाट्याला आले. मी सडाफटिंग, दोन्ही वेळा बोर्डिंगातच जेवायचो. खरं सांगायचं तर आबांच्या हातच्या भरतावर जगत होतो.

खाटेखालून चार बाटल्या निघाल्या होत्या, गोणपाटात गुंडाळलेल्या, बाळंतिणीनं पोर गुंडाळावं तशा. आबा हात जोडून दारात उभे. गळ्यात तुळशीची माळ.

"साहेबनी ठेव शे, मास्तर," ते म्हणाले. "तो परत येवाव व्हता. मी बूच बी उघाडं नई."

जमादारानं सरळ सांगितलं, "औषध निघालं तर म्हातारा सुटला. दारू निघाली तर तीन महिने आत, आणि नोकरीही गेली समजा. काय ते तुम्ही पंच ठरवा."

आम्ही पंच तिघं. एक नाना, मामलेदार कचेरीतले निवृत्त अव्वल कारकून आणि दारूबंदी समितीचे अध्यक्ष. दुसरे एक सराफ. तिसरा मी, म्हणजे इंग्रजीचा मास्तर, म्हणून बाटल्यांवरचं लेबल वाचायचा मान माझा. ती स्कॉच एल होती. बिअरच्याच जातीची, जवाची, पण बिअरची थोरली बहीण, चांगली अंगापिंडानं भरलेली. लेबलवर 'कडक' असंही छापलेलं. मी ते मोठ्यानं वाचून भाषांतरही करून दिलं. कुणी मागितलं नव्हतं.

नाना म्हणाले, "लेबलाचं काय घेऊन बसलात? चव पाहिल्याशिवाय मी सही करायचा नाही. उद्या कोर्टात विचारलं तर?"

वास घेऊन भागलं असतं. पंचनाम्यात वर्षानुवर्षं एकच वाक्य असतं, 'वास घेतला असता दारूचा उग्र दर्प आला'. पण नाना पडले कर्तव्यदक्ष, आणि सराफांना तर कस लावल्याशिवाय सोनंही पटत नाही. नानांनी बाटली उघडून पितळी पेल्यात ओतली, तर सगळा फेस धोतरावर.

ते काही आबांना बघवेना. बारा वर्षं साहेबाला वाढलेला माणूस! गेले, फळीवरचे साहेबाचे काचेचे ग्लास पुसून आणले, बाटली नानांच्या हातातून घेतली आणि म्हणाले, "ग्लास वाकडा धरा नाना, नईतं नुसता फेस भेटी." आणि आरोपीनं स्वतः पंचांना मुद्देमाल वाढला. जमादारालाही दिला. असा सुरेख हात मी पुन्हा पाहिला नाही.

मला हातात कागद असला की मार्क दिल्याशिवाय राहवत नाही. रंग काकवीचा, दहापैकी नऊ. वास भाजलेल्या धान्याचा, आठ. पहिल्या घोटाला गुळाच्या पाकासारखी गोडी, मग मेथीसारखा कडवटपणा, आणि मग छातीत ऊब उतरते ती उतरतच राहते. एकूण शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर. सराफ डोळे मिटून म्हणाले, "बावनकशी!" नाना म्हणाले, याच्यासोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर पाहिजे होती. मोहाची अशी उतरत नाही, असंही म्हणाले, आणि लगेच, "म्हणजे असं लोक सांगतात," हे जोडलं.

मग सराफांनी मुद्दा काढला. चारही बाटल्यांत एकच जिन्नस आहे कशावरून? सोन्याची दहा वेढणी आली तर दहाही घासावी लागतात. बिनतोड! दुसरी उघडली. तिला मी पंच्याऐंशी दिले. तिसरीला शहाण्णव. जिन्नस तोच, परीक्षकच तेवढा उदार होत चालला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. आम्ही तर कोरडेही राहिलो नव्हतो.

तिसरी संपली तसा जमादार माझ्या कानाशी आला. त्याचे डोळे पाणावले होते. "मास्तर, चौथीही तपासून टाकू," तो म्हणाला. "मी लिहितो, बाटल्या रिकाम्या मिळाल्या. मुद्देमालच नाही तर खटला कसला? म्हाताऱ्याचं भलं होईल."

आणि इथं माझ्यातला शनिवार जागा झाला. मी उभा राहिलो, भिंतीचा आधार घेऊन. म्हणालो, कायद्याची काही चाड आहे की नाही? नवा देश, आपलं राज्य, आणि आपणच पुरावा नष्ट करायचा? संयम म्हणून काही चीज आहे! नानांनी टाळी वाजवली. सराफांच्या डोळ्यांत पाणी आलं. दारातून आबा माझ्याकडे टक लावून पाहत होते, आणि मला वाटलं, म्हाताराही भारावला.

चौथीला लाखेचं सील ठोकलं. पंचनामा मीच लिहिला, वळणदार अक्षरात. पहिल्या तीन 'झडतीत बूच उडून सांडल्या'. मार्कांचा कागद मी खिशात घातला. खाली तिघांच्या सह्या, त्यातली नानांची जरा उतरती.

त्या एका बाटलीचा तपासणीचा अहवाल आला आणि आबांना तीन महिने झाले. साक्षीला मी उभा होतो. "फक्त वास घेतला," असं शपथेवर सांगितलं. शपथेची मला सवयच होती. त्या शनिवारी पोरांपुढेही नेहमीसारखाच खणखणीत आवाज लागला. लाज वाटली नाही. बोर्डिंगातलं जेवण बिघडलं तेव्हा मात्र आबांची फार आठवण आली. मी असा आहे.

तीन महिन्यांनी ते सुटून आले. नव्या स्वयंपाक्याला पोरं इतकी कंटाळली होती, की हेडमास्तरांनी नियम गुंडाळून ठेवला आणि आबांना परत घेतलं. माळ गळ्यात तशीच होती, माणूस अर्धा झाला होता. पहिल्याच दिवशी भरीत होतं. मी पंगतीत मान खाली घालून बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "आबा, कायद्यापुढं आमचा तरी काय इलाज?"

आबांनी भरीत वाढलं. रागाचा लवलेश नाही. खरंच कळत नसल्यासारखं त्यांनी विचारलं,

"तीन पिन्ह्यात ना मास्तर? मंग चौथी काबर ठेवी?"

मग ते माझ्या ताटात भाकर टाकून पुढच्या पानाकडे गेले.