आईला घरी सोडायचं होतं

डिंभ्यात आमच्या घरी रेंज फक्त मागच्या अंगणात येते, म्हणून दर रविवारी दुपारी मी तिथं खुर्ची टाकून मोबाइलवर वर्गाला बसायचो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्या घरच्यांसाठीचा वर्ग. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. त्या सांगायच्या, "पेशंट चुकीचं बोलला तर खोडून काढू नका. त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखा, त्याच्यासोबत चला."

माझी आई दुपार कलली की पिशवी भरायची आणि मला म्हणायची, "पावणं, मला घरी सोडा." मी तिचा मुलगा, हे तिला आताशा आठवत नव्हतं. आणि तिचं घर म्हणजे जुन्या गावातलं, धरणात बुडालेलं. "आई, ते गाव पाण्यात गेलं," असं सांगितलं की ती रडायची, जणू आत्ताच कळलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी.

शेवटी एकदा मी म्हणालो, "चला, सोडतो." ती इतकी खूश झाली की मलाच धडकी भरली. सोबत चला म्हणजे कुठवर, हे मॅडमना विचारायचंच राहिलं होतं.

पाण्याच्या काठाशी वाट संपली. ती बघत राहिली. आता रडणार, म्हणून मी तिचा हात धरला.

"लई पाणी चढलंय," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "तुमचं घर कुठं, पावणं?"

खोटं बोलायच्या तयारीनं आलो होतो, आणि माझाही जन्म त्याच घरातला. मी पाण्याकडं बोट केलं. "तिथंच व्हतं."

"आगं बया!" तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मग आता जाणार कुठं? आमच्याकडं चला. भाकरी टाकते."

आणि वाट न चुकता ती मला आमच्याच दारात घेऊन आली.

"हे कुणाचं घर?" मी विचारलं.

"आमचंच की," म्हणत ती आत गेली.

दोन-तीन दिवस तिनं घरी जायचं नाव काढलं नाही. मग पुन्हा सुरू.

वर्गात मॅडमनी विचारलं, "उपयोग झाला का?" मी सगळं सांगितलं, पण हो की नाही, ते सांगता येईना.

मग त्या म्हणाल्या, "आई बऱ्या आहेत ना?"

"हो."

"आणि तुम्ही?"

इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. बरा आहे, म्हणालो. ते खरं होतं की नाही, मला अजूनही कळत नाही.