टिपणीसकाका आणि श्वास घेणारा दगड

नवीन पनवेलच्या ज्या इमारतीत चारुदत्त टिपणीस राहत, तिथल्या सोसायटीचे ते सेक्रेटरी होते आणि माणूस म्हणून लाखात एक. कुणाचं पार्सल ठेवून घेतील, कुणाच्या सासूबाईंना दवाखान्यात पोचवतील. खोड एकच होती. त्यांना यमकं सुटायची. एखाद्याला उचकी लागावी तशी सुटायची, आणि ती सगळी सूचनाफलकावर जाऊन बसायची.

"उद्या टाकी धुणार आहे, नळ कोरडा राहणार आहे, आजच भरा हंडा-कळशी, म्हणू नका मग, कळवलं नाहीशी!"

"हे 'नाहीशी' काय आहे?" त्यांच्या बायकोनं, शशिकलाबाईंनी विचारलं होतं.

"कळशीला दुसरं काय जुळणार?" टिपणीस म्हणाले. मुद्दा बिनतोड होता.

लिफ्ट बिघडली तेव्हा "लिफ्ट बंद आहे, जिन्याचा आनंद आहे" असं लिहून ते स्वतः आनंदानं पाच मजले चढले. तिथपर्यंत लोकांनी सोसलं. पण दुसऱ्या मजल्यावरच्या कमळाकररावांचे वडील वारले आणि फलकावर ओळी आल्या, "अण्णा गेले वर, रिकामे झाले घर." कमळाकरराव सुतकात खाली उतरले आणि म्हणाले, "टिपणीस, घर रिकामं कुठे आहे? आम्ही सहा जण राहतो त्यात!"

त्यावर सोसायटीनं गुपचूप बैठक घेतली. चौथ्या मजल्यावरच्या हेतलला मोबाइलवर एक जाहिरात सापडली होती. आपटा गावाच्या पुढे, डोंगराच्या माचीवर, निसर्गाच्या सहवासात गाणी लिहिण्याचं शनिवार-रविवारचं शिबिर. "अंकलना पाठवू या ना," हेतल म्हणाली. "एकतर चांगलं लिहायला शिकतील, नाहीतर आतलं सगळं एकदाचं बाहेर येऊन जाईल." हे म्हणजे एरंडेल देण्यासारखं होतं, पण सगळ्यांना पटलं. टिपणीसांना शाल, श्रीफळ आणि शिबिराची पावती असा जाहीर सत्कार मिळाला. माणूस गहिवरला. सोसायटीला आपली कदर आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दिवाळी सरल्यावरच्या शनिवारी टिपणीस डोंगरावर पोचले. शशिकलाबाईंनी कानटोपी, चकल्यांचा डबा आणि ओडोमॉस दिलं होतं. शिबिर घेणारी आभा नावाची मुलगी पुण्याची होती. आवाज इतका मऊ की ती बोलते आहे की नुसती श्वास सोडते आहे, हे कळायला जवळ जावं लागे. तिनं सगळ्यांचे मोबाइल टोपलीत ठेवून घेतले आणि मग बॉम्ब टाकला.

"यमक म्हणजे कुंपण. डोंगराला कुंपण असतं का? नाही. तर दोन दिवस यमक बंद."

टिपणीसांचा हात चकलीच्या डब्यातच थांबला. "म्हणजे अजिबातच?"

"अजिबातच."

"बरं," ते म्हणाले, आणि "खरं" हा शब्द जिभेवर आला तो त्यांनी चकलीबरोबर गिळला.

शनिवारभर त्यांनी मनापासून प्रयत्न केला. बाकीच्यांचं झकास चाललं होतं. खारघरची एक बाई पिंपळाला मिठी मारून रडली. एका इंजिनिअरानं "वारा... आहे... असतो... आहे..." असं गाणं रचलं आणि सगळ्यांनी डोळे मिटून माना डोलावल्या. टिपणीस वहीसमोर बसून राहिले. त्यांच्या मनात झाड आलं की मागोमाग वाढ, माड, गाढ आणि शेवटी कमळाकररावांसाठी राखलेलं लबाड येऊन रांगेत उभं राही. जेवताना ते एक शब्द बोलले नाहीत, न जाणो काही सुटलं तर!

रविवारी पहाटे आभानं त्यांना हलक्या हातानं बाजूला घेतलं. "काका, तुम्ही फार डोळ्यांनी बघता. चष्मा इथेच ठेवा. वर तळं आहे. तिथे जा, कशाच्या तरी शेजारी बसा आणि ते तुमच्याशी बोलेपर्यंत उठू नका."

चष्म्याशिवाय टिपणीसांना स्वतःचे गुडघेही अंदाजानंच दिसत. त्यात धुकं. ठेचकाळत ते तळ्यापाशी पोचले. पाण्याच्या कडेला एक मोठा, काळा, गुळगुळीत खडक अर्धा बुडालेला त्यांना दिसला. त्याच्या शेजारी त्यांनी बैठक मारली, भीतभीत हात ठेवला आणि चमकले. खडक कोमट होता.

"उन्हानं असेल," ते मनाशी म्हणाले. ऊन अजून आलंच नव्हतं, पण अशा वेळी माणूस हिशेब करत नाही.

मग खडकानं श्वास घेतला. सावकाश, खोल. आणि सोडला. फुस्स.

टिपणीसांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पिंपळवाल्या बाईला नुसतं रडू आलं होतं. इथे तर साक्षात दगडाला पाझर फुटत होता! त्यांनी खडकाला मिठी मारली. एवढ्या वर्षांचं साचलेलं भडभडून बाहेर आलं. "बाबा रे, माझं कुणी ऐकत नाही. जासईच्या कंटेनर यार्डात दिवसभर मी कागदांवर शिक्के मारतो. 'आवक', 'जावक', 'आवक', 'जावक'. आता यातून यमक नाही सुचणार तर काय सुचणार? तूच सांग!"

खडकानं कान हलवला.

"खडकाला कान?" असा विचार टिपणीसांच्या मनात येतो न येतो तोच खडक उठून उभा राहिला. तळ्याचं अर्धं पाणी टिपणीसांच्या अंगावर आलं आणि ते कानटोपीसकट चिखलात बसले.

"ओ दादा! माझ्या म्हशीला मिठ्या कशाला मारताव?"

धुक्यातून एक बाई हातात काठी घेऊन येत होती. खालच्या गावची चंद्रावती. ती बोलायला फटकळ होती, पण हात देऊन तिनं टिपणीसांना आधी चिखलातून बाहेर काढलं.

"म्हैस आहे ही?" टिपणीस म्हणाले.

"मंग काय हत्ती हाय? मालू नाव तिचं. नवीन आनलीय. कालधरनं पलालीय, आन् आता इथनं हालायची नाय. मारा, ओढा, पाया पडा, नाय म्हंजे नाय."

चंद्रावतीनं काठी आपटली, शेपूट पिरगाळली, शिव्या दिल्या. मालू ढिम्म. ती टिपणीसांकडे बघत रवंथ करत होती. कालपासून यमकाविना उपाशी माणूस आणि समोर इतका एकाग्र श्रोतृवृंद! टिपणीसांचा बांध फुटला.

"मालू मालू, सावकाश चालू!"

मालूनं एक पाऊल टाकलं.

चंद्रावतीचा आ वासला गेला. "परत बोला."

"वाटेत दगड, तेवढा टाळू! घरी गेल्यावर पेंड घालू!"

मालू चालायला लागली.

"पेंड संपलीय," चंद्रावती कुजबुजली. "मुक्या जनावराला खोटं नका सांगू."

"पेंड नाही तर कोंडा घालू!" टिपणीसांनी दुरुस्ती केली. मालूची काही हरकत दिसली नाही.

अशी ती वरात डोंगर उतरू लागली. पुढे भिजलेले टिपणीस, मागे म्हैस, तिच्या मागे चंद्रावती. टिपणीसांनी गद्य काढलं की मालू थांबे. "जरा दम खाऊ द्या हो" एवढं ते म्हणाले तर तिनं बसायची तयारी केली. मग त्यांनी जे हाताशी येईल ते वापरलं. भालू झाला, आलू झाला, वाळू झाली. मग नागमोडी वळणावर, जिथे एका बाजूला दरी होती, तिथे यमकं संपली. आयुष्यात पहिल्यांदाच संपली. टिपणीस घामाघूम. मालू रस्त्याच्या मधोमध बसली आणि तिनं डोळे मिटले.

"दादा, काय तरी बोला!"

"काही उरलंच नाही हो! मालूला आणखी काय जुळतं?"

चंद्रावतीनं कपाळाला हात लावला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि एकदम ओरडली, "शालू! तुला नेसवू हिरवा शालू!"

मालू उठली. टिपणीसांनी चंद्रावतीकडे असं पाहिलं की तसं त्यांनी लग्नात शशिकलाबाईंकडेही पाहिलं नसेल.

इकडे शिबिरात दुपार झाली तरी टिपणीसांचा पत्ता नाही. तळ्याकाठी फक्त एक कानटोपी सापडली. आभाचा मऊ आवाज कुठल्या कुठे गेला, "काकाऽऽ!" अशी तिनं जी आरोळी ठोकली ती म्हणे पार खाली नदीपर्यंत गेली. सगळं शिबिर त्यांना शोधत गावात उतरलं. बघतात तर टिपणीस चंद्रावतीच्या अंगणात तिच्या नवऱ्याचा सदरा घालून बसलेले, हातात चहा, आणि समोर गोठ्यात मालू मन लावून सातवं कडवं ऐकतेय.

आभा मटकन ओट्यावर बसली आणि हसायलाच लागली. शिबिराच्या समारोपाची गाणी मग त्याच अंगणात झाली. इंजिनिअरानं "वारा... आहे..." सुरू केलं, आणि दुसऱ्या ओळीला मालू आडवी होऊन घोरू लागली. बिचाऱ्याचा चेहरा पडला.

"थांबू नकोस, बाला," चंद्रावती म्हणाली. "चांगलं हाय. माझ्या नातवाला पन झोपव, सकालपासनं रडतोय."

आणि खरंच, तिसऱ्या ओळीला नातूही झोपला. इंजिनिअर इतका खूश झाला की त्यानं ते गाणं आणखी दोनदा म्हटलं.

सोमवारी फलकावर टिपणीसांची सूचना लागली. "मंगळवारी पाणी येणार नाही." बस्स, एवढीच. सोसायटी हुरळली. पण ती यमकं वाचायला जे चारचौघं फलकाशी थांबत, तेही आता थांबेनात. मंगळवारी कमळाकरराव अंगभर साबण लावून "पाणी! पाणी!" करत गॅलरीत आले. आठवड्याभरात त्यांनीच टिपणीसांना जिन्यात गाठलं. "पहिल्यासारखं लिहा हो," ते म्हणाले. "फक्त कुणी वारलं तर नको."

"बघतो," टिपणीस म्हणाले. "सध्या जरा कामात आहे."

ते खोटं नव्हतं, यमकं आता मालूच्या कामी लागत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डात ते एका एजंटाचे कागद तपासत होते, तोच चंद्रावतीचा फोन आला. मालू पान्हा चोरत होती. कोंडा झाला, पेंड झाली, थोपटून झालं, दूध सोडत नव्हती.

"स्पीकरवर टाका," टिपणीस म्हणाले. त्यांनी शिक्का खाली ठेवला, खुर्ची मागे सारली, घसा साफ केला आणि भर ऑफिसात खड्या आवाजात सुरुवात केली. एजंटाच्या हातातला चहा तसाच राहिला. शेजारच्या खोलीतून साहेब डोकावले. चार ओळी झाल्यावर टिपणीसांना जरा संकोच वाटला आणि त्यांनी आवरतं घेतलं.

फोनमधून बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता, आणि त्यावरून चंद्रावतीची घाई.

"दादा, गप का झालाव? बादली अर्दीच झालीय!"